शून्य फरकाचं गाव

सखाराम कडुबा हिवराळे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. हार घालून झाले, शाल पांघरून झाली, पेढे वाटून झाले. आणि आठ दिवसांच्या आत मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं, की नवरा घरी आलाय, पण नोकरी काही सुटलेली नाही.

तेहतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. गाडी किती वाजता यायला पाहिजे आणि किती वाजता आली, हे लिहायचं. आधी कन्नडला, मग पैठणला, शेवटची अकरा वर्षं संभाजीनगरच्या स्टँडावर. आता गाड्या नव्हत्या, म्हणून त्यांनी घर धरलं. हडको कॉलनीतल्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी घड्याळ होतं, घड्याळासमोर खुर्ची, खुर्चीत सखाराममामा आणि मांडीवर दोनशे पानी वही. गल्लीत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. वहीत नोंदी अशा : ‘दूध. वेळ ६.१०, आलं ६.२५. कारण : म्हैस.’ किंवा, ‘वरणभात. वेळ १२.३०, प्रत्यक्षात १२.५५. कारण विचारले असता समाधानकारक उत्तर मिळाले नाही.’

ही शेवटची नोंद मनकर्णाबाईंनी वाचली, आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण वेळेवरच काय, झालंच नाही.

“तेहतीस वर्षं तुम्ही स्टँडावर व्हता म्हणून आपला संसार टिकला,” त्या म्हणाल्या. “आता मला कुठंतरी नोकरी लावून द्या.”

अशा वेळी एका रविवारी अपेक्षा आली. ही मामांची भाची, कन्नडच्या बहिणीची मुलगी. विद्यापीठात पीएचडी करत होती, राहायला हॉस्टेलवर आणि रविवारी जेवायला मामीकडं. त्या दिवशी ती ताटावर बसली तीच रडकुंडीला येऊन. तिचा विषय होता वाळवंटातला हवामानाचा अंदाज. मोठा संगणक गणितं करून रोज सांगतो, की उद्या अमुक गावात इतकं तापमान, इतका वारा, इतका पाऊस. ते राजस्थानच्या वाळवंटात कितपत खरं ठरतं, हे तिला तपासायचं होतं. एका संस्थेनं तिकडच्या अकरा गावांत थर्मामीटर बसवले होते. प्रत्येक गावातला एकेक माणूस रोज दुपारी अडीचला तापमान आणि आदल्या दिवशीचा पाऊस रजिस्टरात लिहायचा आणि पानाचा फोटो काढून अपेक्षाच्या मोबाइलवर पाठवायचा. दीड वर्षाचे फोटो साठले होते. अक्षरं एकापेक्षा एक. ते सगळं वाचून संगणकाच्या आकड्यांशेजारी मांडायचं होतं.

“म्हणजे,” मामांनी हातातला घास ताटात ठेवला, “काय व्हायला पाहिजे व्हतं ते एका बाजूला अन् काय झालं ते दुसऱ्या बाजूला?”

“हो मामा. आणि मधे फरक.”

मनकर्णाबाईंनी मामांचा चेहरा बघितला आणि भाचीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

“घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “आजच घेऊन जा यांना.”

मामा गेले नाहीत. काम घरी आलं. अपेक्षानं एक जुना लॅपटॉप आणून दिला आणि तीन रकाने आखून दिले. दुसऱ्या दिवसापासून मामा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊ वाजता जेवणाच्या टेबलाशी बसायला लागले. दूध कधी येतं याकडं त्यांचं लक्ष राहिलं नाही. हिंदी आकडे, मारवाडी वळणाची अक्षरं, चहाचे डाग, सगळं ते वाचायचे. कंडक्टरांचं अक्षर वाचलेल्या माणसाला जगातलं कुठलंच अक्षर अवघड जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण काम नुसतं मुकाट्यानं करणारा माणूस तो नव्हता. तिसऱ्या रविवारी त्यांनी अपेक्षाला दारातच धरलं.

“तुझा संगणक सोमवारी तीन डिग्री जास्त सांगतो, मंगळवारी तीन डिग्री कमी सांगतो. अन् तू खाली सरासरी फरक शून्य लिवतीस?”

“सरासरी काढली की तसंच येतं मामा.”

“असं कसं? एक गाडी अर्धा तास उशिरा आली अन् दुसरी अर्धा तास आधीच निघून गेली, तर काय दोन्ही वेळेवर? ज्याची गाडी चुकली त्याला सांगून बघ तुझी सरासरी.”

अपेक्षा हसली. “म्हणूनच आपण दुसरी सरासरीही काढतो. जास्त-कमी बघायचं नाही, नुसतं किती चुकलं ते बघायचं. त्यात तीनच येतात.”

“हां. मग ती वर लिव अन् ही खाली.”

पावसावरून तर चांगलीच जुंपली. पाऊस पडेल की नाही, या प्रश्नाला संगणकानं शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा बरोबर उत्तर दिलं होतं. अपेक्षानं ते अभिमानानं सांगितलं.

“वाळवंटात?” मामा म्हणाले. “वाळवंटात उद्या पाऊस नाय, हे मी हडकोत बसून रोज सांगतो. मला पण सत्त्याण्णव मार्क दे.”

“तसं नाही मोजत मामा. जेव्हा खरंच पडला, तेव्हा आधी सांगितलं होतं का, ते बघायचं.”

“किती दिवस पडला?”

“एका गावात वर्षात अकरा दिवस.”

“सांगितला किती वेळा?”

“चार.”

“आता कसं बोललीस!” मामा म्हणाले आणि त्यांनी ते चार स्वतःच्या हातानं ठळक केले.

असे तीन महिने गेले. अकरा गावांपैकी दहा गावांत संगणक रोज सरासरी दोन-अडीच डिग्रीनं चुकत होता. अकरावं गाव खारासर. तिथं फरक शून्य पूर्णांक एक. म्हणजे नसल्यातच जमा. अपेक्षाचे सर भलतेच खूश झाले. खारासरच्या आसपास उंच वाळूच्या टेकड्या होत्या, त्यामुळं अशा जमिनीवर संगणकाचं गणित विशेष चांगलं जमतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि एका परिषदेला पाठवूनही दिला. अपेक्षाचं चौथं प्रकरण सगळं खारासरवर उभं राहिलं.

त्या रविवारी ती पेढे घेऊन आली. मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“मला हे गाव पसंत नाय,” ते म्हणाले.

“का? सगळ्यात चांगलं गाव आहे ते!”

“म्हणूनच. घाट असतो, मधे वरात लागते, म्हशी आडव्या येतात. रोज मिनिटाला मिनिट वेळेवर येणारी गाडी मी आयुष्यात बघितली नाय पोरी. तिची नोंद मात्र बघितलीय.” मग ते म्हणाले, “हे फोटो तू मला मोबाइलमधून काढून दिलेस. मला मूळ मेसेज दाखव. फोटो आला किती वाजता, ते बघायचंय.”

अपेक्षानं मोबाइल उघडला. खारासरचे मेसेज वर सरकवले. मामांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

“चौदा एप्रिल. फोटो आला सात वाजून बारा मिनिटांनी. सकाळी. अन् पानावर काय लिवलंय?”

“चौदा एप्रिल,” अपेक्षा हळूच म्हणाली. “दुपारी अडीच. बेचाळीस पूर्णांक सहा.”

“पंधरा एप्रिल, सात वाजून नऊ. सोळा एप्रिल, सात वाजून पंधरा.” मामांनी चष्मा काढला. “माणूस वक्तशीर हाय.”

दुपारचं तापमान माणूस रोज सकाळी लिहून मोकळा होत होता. आणि त्याला ते सकाळी कुठून कळायचं, हेही उघड होतं. त्याच संगणकाचे आकडे एका मोबाइल ॲपवर फुकट दिसायचे. म्हणजे अपेक्षा गेलं दीड वर्ष संगणकाचा आकडा संगणकाच्याच आकड्याशी ताडून बघत होती, आणि तो बरोबर येतो म्हणून पेढे वाटत होती.

तिनं पेढ्यांचा पुडा बंद केला. “मामा, हे काढलं तर माझं अख्खं चौथं प्रकरण जातं.”

“तू फोन तर कर त्याला.”

तिनं फोन केला. खारासरचा माणूस, त्याचं नाव जेठाराम, पलीकडून अदबीनं बोलला, “बिल्कुल सही लिखता हूँ मैडम. देखके लिखता हूँ.” काय बघून, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

“मग जाऊन बघू,” मामा म्हणाले.

मे महिना होता. सरांना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला, पण परिषदेत तोंडघशी पडण्यापेक्षा हे बरं म्हणून परवानगी दिली. मनकर्णाबाईंनी परवानगी मागितली नाही. त्यांनी पिशवीच भरली. “पोरीला यांच्याबरोबर एकटी कशी पाठवू? हे कुठंतरी गाड्यांचं टाइमटेबल वाचत उभे राहतील. अन् मी नागपूरच्या पुढं कधी गेले नाय. मला पण बघू द्या.” पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं आणि कांदे होते, ऊन लागू नये म्हणून प्रत्येकी पाच.

मनमाडला गाडी बदलून जोधपूर, तिथून बस, बसमधून उतरून जीप, असा प्रवास झाला. मामांनी घरची वही बरोबर घेतली होती आणि वाटेतलं प्रत्येक स्टेशन ते नोंदवत होते. जोधपूरच्या पुढची बस ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचली. हे लिहायला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता. बराच वेळ ते अस्वस्थ होते.

“मराठवाड्याच्या माणसाला उन्हाचं काय सांगता,” असं ते जीपवाल्याला रस्ताभर ऐकवत होते. खारासरला उतरताच त्यांनी उभ्याउभ्या पाण्याची अख्खी बाटली संपवली. मग पिशवीतून टॉवेल काढून त्यांनी डोक्याला, कानाला, नाकाला गुंडाळला आणि आतून आवाज आला, “कांदा कुठाय?”

जेठाराम पन्नाशीचा, काटकुळा, मोठ्या मिशांचा माणूस होता. त्यानं अपेक्षाला नमस्कार केला, पण मामांच्या हातातली वही बघून त्याचा चेहरा उतरला. तपासणीला मोठा साहेब आला, असंच त्याला वाटलं. खाटा टाकल्या, पाणी आणलं, उंटाची विचारपूस झाली, हडकोत उंट नाहीत हे ऐकून हळहळ व्यक्त झाली. फक्त थर्मामीटरचा विषय निघाला की तो आभाळाकडं बघायचा.

अंगणाच्या पलीकडं चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी दिसत होती. चारी बाजूंना खिडकीच्या झडपांसारख्या तिरक्या पट्ट्या, आत हवा खेळावी पण ऊन शिरू नये म्हणून. थर्मामीटर त्यात. पेटीला कुलूप.

“चाबी?” मामांनी विचारलं.

“चाबी भाई के पास है साब.”

“भाई कुठंय... किधर है?”

“खेत में.”

“खेत किधर है?”

जेठारामनं हात केला त्या दिशेला क्षितिजापर्यंत नुसती वाळू होती.

इकडं हे चाललं असताना मनकर्णाबाई झोपडीच्या सावलीत जेठारामच्या बायकोशी, गवराशी, बोलत बसल्या होत्या. एक हडकोची मराठी बोलत होती, दुसरी मारवाडी. दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं; गवराला किती लेकरं, मनकर्णाबाईंचे गुडघे कधीपासून धरले, कुणाचा नवरा जास्त त्रास देतो, हे सगळं सांगून-ऐकून झालं होतं. गवरानं त्यांना पितळी पेल्यात ताक दिलं. मनकर्णाबाईंनी घोट घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. बाहेर जमीन पायाला चटके देत होती, आणि हे ताक असं गार, की दात शिवशिवावेत.

“आगं, एवढं गार? फ्रिज हाय का?”

गवरा ओढणीआड हसली. तिनं मनकर्णाबाईंचा हात धरला, त्यांना अंगणात नेलं, ओढणीच्या गाठीतून किल्ली काढली आणि सगळ्यांच्या देखत पांढऱ्या पेटीचं कुलूप उघडलं.

आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं ताकाचं मडकं होतं. त्याच्या कडेला दह्याची लोटी, दोन काकड्या आणि कोथिंबिरीची जुडी. सगळ्यात मागं, काकडीला टेकून, थर्मामीटर उभा होता.

जेठाराम जमिनीकडं बघत होता. अपेक्षा एकदा काकडीकडं, एकदा थर्मामीटरकडं बघत होती. मामा पुढं झाले, त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “एकोणचाळीस.” त्यांनी अपेक्षाकडं बघितलं. “संगणक काय म्हणतो आजचं?”

“चव्वेचाळीस.”

“म्हंजे ही पाच डिग्री ताकाची.”

खारासरच्या पंचक्रोशीत सावली असलेली, वारा खेळणारी, कुत्र्यामांजरांपासून सुरक्षित अशी एकच जागा संस्थेनं बांधून दिली होती, आणि गवरानं ती पहिल्याच आठवड्यात ओळखली होती. त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं.

“पण मग भैयाजी,” अपेक्षाला अजून राग आवरत नव्हता, “जे दिसतं ते तरी लिहायचं! मोबाइलवरचं का लिहिलं?”

जेठाराम आत गेला, मोबाइल घेऊन आला आणि त्यानं बोटानं मेसेज वर वर सरकवत नेले, दीड वर्ष मागं. मग तो तिच्या हातात दिला.

मेसेज तिचेच होते. ‘आपका तापमान अनुमान से ५ डिग्री कम आ रहा है। ध्यान से पढ़ें।’ दोन दिवसांनी, ‘फिर गलत है।’ त्यानंतर तिसरा, ‘रोज़ गलती हो रही है, कृपया सुधारें।’ त्याच्या पुढच्या दिवसापासून आकडे जुळायला लागले होते. आणि त्याखाली तिनंच पाठवलेलं चित्र होतं, हसऱ्या बाहुलीच्या हातात गुलाबाचं फूल, वर लिहिलेलं ‘शाबाश’.

“मैडम,” जेठाराम म्हणाला, “सच्चा लिखा तो तीन बार डाँट पड़ी. मोबाइल देखके लिखा तो फूल आया.”

अपेक्षा खाटेवर बसली. ज्याची परीक्षा घ्यायची, त्याच्याच उत्तराशी जुळत नाही म्हणून ती साक्षीदाराला खोटं ठरवत होती. हे तिला आत्ता, खारासरच्या उन्हात, हातात ताकाचा पेला घेऊन कळत होतं.

जेठाराम हात जोडून मामांपुढं उभा राहिला. साहेब आता काय लिहितात, म्हणून वहीकडं बघत होता. मामांनी वही बाजूला ठेवली.

“बैठ रे भाई,” ते त्यांच्या संभाजीनगरी हिंदीत म्हणाले. “मेरी भी एक सुन. ये बात मैं घर में भी नहीं बोला किसीको.”

मनकर्णाबाईंनी कान टवकारले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मामा एका लहानशा स्टँडावर होते. दुपारची वेळ, जेवण जड झालेलं. तीन चाळीसची गाडी रोज वेळेवर यायची, म्हणून मामांनी सव्वातीनलाच ‘आली, ३.४०’ असं लिहून टाकलं आणि डोळा लावला. गाडी घाटात पंक्चर होऊन उभी होती. गाडीत नवरदेव होता. साडेचारला मुलीचा बाप वऱ्हाडासकट स्टँडावर आला, त्यानं रजिस्टर बघितलं, गाडी आलीय! मग नवरदेव कुठंय? अख्खं गाव हिंडून त्यांनी नवरदेवाला शोधलं. हॉटेलात बघितलं, नदीवर बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. पोरगा पळाला, अशी बातमी मांडवात गेली. नवरीनं बाशिंग काढून फेकलं. सहा वाजता गाडी आली, नवरदेव हसतमुखानं खाली उतरला आणि पहिली थप्पड त्यालाच बसली.

“फिर?” जेठारामनं श्वास रोखून विचारलं.

“शादी हुई. लेकिन मेरेकू जेवायला कोई नहीं बुलाया.”

जेठाराम आधी गालात हसला, मग मिशीत, मग खाटेवर आडवा होऊन हसला. गवराला त्यानं मारवाडीत सांगितलं, तीही हसली. मनकर्णाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. “सदोतीस वर्षं झाली लग्नाला,” त्या म्हणाल्या, “अन् हे मला राजस्थानात कळतंय.”

ताकाचा प्रश्न मात्र राहिलाच. थर्मामीटरसाठी गवरा ताक उन्हात ठेवायला तयार नव्हती, आणि मनकर्णाबाई तिच्या बाजूच्या होत्या. शेवटी जेठारामनं आणि मामांनी मिळून जुन्या खोक्याच्या फळ्यांची तशीच दुसरी पेटी ठोकली. जरा वाकडी झाली, पण ताकाला चालली. मग तिघांनी तिथंच तीन दिवस मुक्काम ठोकला. पहिल्या दिवशी संगणक म्हणाला चव्वेचाळीस, थर्मामीटर म्हणाला सेहेचाळीस पूर्णांक तीन. दुसऱ्या दिवशीही सव्वादोनचा फरक. म्हणजे वाळूच्या टेकड्यांचं विशेष असं काही नव्हतंच. खारासर बाकीच्या दहा गावांसारखंच एक गाव निघालं.

तिसऱ्या दिवशी संगणकानं सांगितलं, आकाश निरभ्र, वारा मंद. दुपारी सव्वादोनला पश्चिमेकडून एक तपकिरी भिंत उठली आणि चालत यायला लागली. गवरानं शेळ्या आत घेतल्या. जेठारामनं दार लावलं. आतल्या अंधारात सगळे बसले असताना मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“अडीच वाजले.”

“आँधी है साब,” जेठाराम म्हणाला. “बाद में.”

“बाद में म्हंजे ते बाद का लिखा जायेगा,” मामा म्हणाले, आणि टॉवेल गुंडाळून, वही काखेत मारून बाहेर पडले. जेठाराम “साब, साब” करत त्यांच्या शर्टाला धरून मागं निघाला. दाराच्या फटीतून अपेक्षाला आधी दोघं दिसत होते, मग नुसते चार पाय, मग काहीच नाही.

पाच मिनिटांनी दोघं परत आले तेव्हा त्यांच्यातला मामा कोण आणि जेठाराम कोण, हे मिशांवरून ओळखावं लागलं. मामांनी तळहात पुढं केला. त्यावर पेननं लिहिलं होतं : ३८.५.

“वहीत का नाय लिवलं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“वही उडाली.”

“उडाली? सगळी? दुधाची, वरणाची, सगळी?”

मामांनी तोंडातली वाळू थुंकून मान हलवली. मनकर्णाबाईंनी दाराच्या फटीतून बाहेर घोंघावणाऱ्या आभाळाकडं बघितलं.

“लई चांगलं वादळ हाय,” त्या म्हणाल्या.

परत आल्यावर अपेक्षानं सरांना सगळं सांगितलं. सरांनी परिषदेला निबंध मागं घेत असल्याचं कळवलं आणि दोन आठवडे तिच्याशी फक्त कामापुरतं बोलले. खारासरचे जुने आकडे तिनं सगळे काढून टाकले. तिच्या प्रबंधातल्या संगणकाचे मार्क त्यामुळं घसरले. चौथं प्रकरण तिनं नव्यानं लिहिलं, त्यात मडकं होतं, कुलूप होतं आणि स्वतःचे ते तीन मेसेजही होते. ते छापू नये असं सरांचं मत होतं. तिनं छापले.

पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेला मामा-मामी मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, आवाज बारीक. त्यांनी चौथं प्रकरण उघडलं आणि विचारलं, “एका गावाचं तुम्ही शोधून काढलंत. बाकीच्या दहा गावांचं काय? तिथं काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक आहे?”

सरांनी मान खाली घातली. अपेक्षा म्हणाली, “फोटोंच्या वेळा सगळ्यांच्या तपासल्यात सर. त्या बरोबर आहेत. पण त्या दहांतली प्रत्यक्ष जाऊन आले ती तीनच गावं. सात गावांचं मला माहीत नाही.”

“मग त्या सातांवर किती विश्वास ठेवायचा?”

“अर्धा ठेवायचा!” मागच्या रांगेतून आवाज आला. तेहतीस वर्षं स्टँडावर गाड्या पुकारलेला आवाज तो. त्याला माइक लागत नाही. सगळा हॉल मागं वळला. मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं.

“ते कोण?”

“माझे मामा,” अपेक्षा म्हणाली. “नोंदी त्यांनी तपासल्यात.”

“अस्सं. मग त्यांना त्या सात गावांना पाठवा,” परीक्षक म्हणाले, आणि पुढच्या प्रश्नाकडं वळले.

अपेक्षा डॉक्टर झाली. परीक्षकांनी गमतीत म्हटलेलं संस्थेनं मनावर घेतलं आणि मामांना खरोखरच पाठवायचं ठरवलं. जेठारामचे फोटो आता दुपारी पावणेतीनला येतात. गेल्या उन्हाळ्यात मामा-मामी सातांपैकी पहिल्या गावाला गेले. तिथं मोजमाप करणारी होती शाळेतली मास्तरीण, विमला. सडपातळ, चाळिशीची, हातात छत्री. मामांनी नवी वही उघडली, घसा साफ केला आणि अडीचला दोन मिनिटं कमी असताना पेटीसमोर जाऊन उभे राहिले. पेटीत मडकं आहे का, काकडी आहे का, हे ते वाकून वाकून बघत होते. काही नव्हतं. थर्मामीटर स्वच्छ पुसलेला, पेटी नुकतीच रंगवलेली, शेजारी पाटीवर तारीख.

“जी, आप हटिए,” मागून विमला म्हणाली.

“मैं तपासणी को आया हूँ,” मामा म्हणाले.

“सो तो ठीक है. पर आप साँस डाल रहे हैं थर्मामीटर पर. आधा डिग्री बढ़ जाएगा.”

मामा बाजूला झाले. विमलानं लांबूनच वाचलं, पुन्हा वाचलं, मग लिहिलं. नंतर तिनं मामांनी वहीत लिहिलेल्या वेळेकडं बोट केलं. “आपकी घड़ी दो मिनट आगे है. ठीक कर लीजिए.”

मामांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग तिचं बघितलं, आणि निमूटपणे काटा मागं घेतला. मनकर्णाबाई शाळेच्या पायरीवर बसून हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा विमलानं आतून त्यांच्यासाठी पाणी आणलं आणि मामांना सांगितलं, की उभे राहायचंच असेल तर कुंपणाच्या बाहेर उभे राहा.